सर्वांत मागे सुहास

कारेलीबाग, बडोदे
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुहास,

दुपारचं जेवण झालं, पंखा लावून आडवा झालो, की डोळा लागता लागता अजून कधीकधी तो आवाज येतो. आधी पुढून अण्णांचा खर्जातला एकच शब्द, "टेल?" आणि मग आई, दादा, मी अशी सगळी रांग ओलांडून, पार मागून तुझा चिरका, शेवटाला वर चढत जाणारा "आऽऽली". लहरीपुरा दरवाज्याच्या कमानीखाली तो घुमायचा आणि वरची कबुतरं फडफडत उठायची. पुष्कळ आवाज विसरलो ग आता. प्रतापनगरच्या क्वार्टरमागचा हातपंप कसा करकरायचा, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. पण तुझा तो "आऽऽली" कानाच्या कुठल्या कप्प्यात जाऊन बसलाय कोण जाणे, त्याला गंज म्हणून चढत नाही.

फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. फोनवर तू "बरं" म्हणतेस. "बरं, भाऊ" म्हणालीस की बोलणं संपलं, हे मला आता ठाऊक झालंय. मागच्या रविवारी तू सांगितलंस, पाडवा झाला की तू नाशिकजवळच्या त्या वृद्धाश्रमात राहायला जाणार. बिल्डिंग पाडायची आहे, भुसावळात दुसरी भाड्याची जागा शोधायचा उत्साह नाही, आश्रमात नाव घातलंय, खोली बघून आलीस, भांडी वाटायला काढलीस, कपाट शाळेतल्या शिपायाला देऊन टाकलंस. "मनमाडला गाडी बदलायची आहे" हे लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात सांगितलंस. मी "अगं, पण" म्हणेपर्यंत "बरं, भाऊ". म्हणून हे पत्र. पत्राला मध्येच "बरं" म्हणता येत नाही. तुझा निर्णय बदलावा म्हणून लिहीत नाही, असं सभ्यपणे लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. बदलावा म्हणूनच लिहितोय. कसा, ते मात्र पहिल्याच पानावर सांगणं मला जमायचं नाही. तुला ठाऊक आहे ना, शाळेत गुरुजींनी कविता म्हणायला उभं केलं की पहिलं कडवं माझ्या जिभेवर यायचं नाही आणि शेवटचं लख्ख पाठ असायचं. बाकीची मुलं कवितेच्या पुढच्या दाराने आत शिरायची, मी परसातून. शालिनी म्हणायची, तुमच्याशी बोलायचं म्हणजे पेपर शेवटच्या पानावरून वाचायचा.

तसा मी मजेत आहे, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा एकटेपणाने कातावलाय. शालिनी गेल्यावर पहिली वर्षं जड गेली, ती तू पाहिलीस. आता सकाळी बागेत विश्वंभर भेटतो, माझा स्टोअर्समधल्या नोकरीतला जुना सोबती. आम्ही दोघं बाकावर बसून शाळेतल्या कविता म्हणतो आणि ज्याला ओळ आठवणार नाही त्याने चहा पाजायचा. चहा बहुतेक मीच पाजतो, कारण सुरुवात करायची पाळी माझ्यावर आली की बोंब होते. स्वयंपाकाला शांताबेन येतात. आमटीत गूळ घालू नका हे त्यांना सांगून सांगून थकलो, आता मलाच तशी आवडायला लागली आहे. आनंद बंगळुरूहून रोज फोन करतो आणि "बाबा, जेवलात?" एवढं विचारून त्याचं त्याला समाधान होतं. मलाही होतं.

परवा खालच्या हंसाबेनची नात गाडी मागे घेत होती. नवीनच शिकतेय. हंसाबेन रस्त्यात उभ्या राहून "पाछळ, पाछळ, हजी पाछळ" करत होत्या आणि आतून ती पोरगी वैतागून म्हणत होती, "बा, रिअरमां कंई देखातुं नथी." मी गॅलरीत उभा, तो तिथल्या तिथे प्रतापनगरला जाऊन पोचलो. "रिअर" हा शब्द ज्यांनी आपल्या आईच्या तोंडून ऐकला नाही त्यांनाच तो इंग्रजी वाटेल. अण्णा छोट्या लाइनीवर गार्ड. डभोई, बोडेली, चांदोद करून घरी आले की डब्याच्या पिशवीबरोबर असले शब्द घरात यायचे, आणि जिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं ती आपली आई पिशवी रिकामी करता करता ते धुऊनपुसून आपल्या फडताळात लावायची. क्वार्टरचं मागचं दार म्हणजे रिअर. "रिअरला कडी घातलीस का रे?" त्यापलीकडची हातभर जागा, तिथली तुळस, कढीलिंब आणि राखेचा ढीग, म्हणजे बॅक. "शरद, बॅकला जाऊन चार पानं तोडून आण." दुधाच्या पातेल्याची खरवड म्हणजे बॉटम, आणि तिच्यावरून आपली मारामारी. तुझ्या वेणीचं टोक म्हणजे टेल. "हलू नको ग, टेलला रिबीन राहिलीय अजून." जेवणातला दहीभात म्हणजे लास्ट, आणि लास्ट घेतल्याशिवाय पाटावरून उठायची कुणाची छाती नव्हती. अंथरुणं घालून झाली की दिवा मालवताना ती म्हणायची, "चला, एंड." तो शब्द मात्र रेल्वेचा नव्हता. लग्नाआधी मामाने तिला एकच सिनेमा दाखवला होता, त्याच्यातून तेवढाच तिने जपून आणला होता.

मी शाळेत अखेर, पिछाडी, भरतवाक्य असले भारदस्त शब्द पाठ करत होतो आणि घरी ही माउली प्रत्येक वस्तूच्या मागच्या टोकाला अण्णांच्या नोकरीतली नावं देत बसली होती. एवढ्या मायेने शेवटांना हाक मारलेली मी कुठल्याही कवितेत पाहिली नाही. आणि गंमत बघ, पुढच्या टोकाला तिच्याकडे एकही इंग्रजी शब्द नव्हता. गार्डाची बायको. गाडीच्या पुढे काय असतं याच्याशी तिचा संबंधच नव्हता.

तू जन्मलीस त्याच साली गुजरात वेगळं राज्य झालं. अण्णांच्या बरोबरचे काही जण बदली मागून मुंबईकडे गेले. मामा मुद्दाम येऊन म्हणाले, आता आपलं इथे काय राहिलंय. अण्णा अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाले, "रूळ उचलून नेतायत का? मग?" आणि विषय संपला. आपण राहिलो. पुढे तूच शाळेच्या नोकरीसाठी भुसावळला गेलीस, आईला तिच्या आजारात तिकडे नेलंस आणि तिचं सगळं केलंस, ही नंतरची गोष्ट. पण तू धड चालायला लागलीस तशी ती रांगेची पद्धत सुरू झाली. सणाचा बाजार असो, की सुरसागरावर गणपती पाहायला जायचं असो, अण्णा सगळ्यांच्या पुढे, मागे वळून न बघता चालणार. मग पिशवी घेतलेली आई. मग दादा, म्हणजे अण्णांचा गोविंद, जो स्वतःला इंजिन समजायचा आणि आईच्याही पुढे जायची संधी शोधत असायचा. मग मी. आणि सर्वांत मागे तू, मुठीत आईच्या जुन्या चोळीचा हिरवा तुकडा. चौक ओलांडला की अण्णा विचारणार, "टेल?" आणि तू तुकडा हलवून ओरडणार. क्वार्टरमधल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, "निघाली गार्डसाहेबांची पॅसेंजर."

अण्णांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांच्या नोकरीतला तो पहिला धडा होता. इंजिन स्टेशनात शिरलं म्हणजे गाडी आली, असं नसतं. शेवटच्या डब्याला लावलेला लाल दिवा, तो टेल-लॅम्प, डोळ्यांनी बघितल्याशिवाय स्टेशनमास्तर "गाडी पूर्ण आली" असं मागच्या स्टेशनला कळवत नाही, आणि ते कळल्याशिवाय मागून दुसरी गाडी सुटत नाही. वाटेत चार डबे तुटून राहिले असले तर? इंजिन आपलं ऐटीत फलाटावर येऊन उभं राहील, त्याला पत्ताही नसेल. मी आठवीत असताना तुझ्यावर कविता करायला घेतली होती. "पुढे चालती थोर, मागे लहान, मुठीतून डोले जरासे निशाण." पुढे सरकलीच नाही. "हिरवे" काही केल्या वृत्तात बसेना, म्हणून "जरासे" घातलं. गुरुजी म्हणाले, "जरासे हा शब्द भरीचा आहे, शरच्चंद्र." भरीचाच आहे. अजूनही कधी आंघोळ करताना दुसरा शोधतो.

चांदोदला अण्णांच्या गाडीतून गेलो होतो, ते तुला आठवत असेल की नाही, ठाऊक नाही. तू खूप लहान होतीस. तिथे लाइन संपायची. इंजिन सुटलं, बाजूच्या रुळावरून धापा टाकत गेलं आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं गेलं. अण्णांनी आपली पेटी, दिवा आणि झेंडे उचलले आणि फलाटावरून ते उलट्या दिशेने चालू लागले. तू त्यांच्या कोटाला लोंबकळत विचारलंस, "अण्णा, मग आता लास्ट कुठे?" ते म्हणाले, "मी दिवा लावीन तिथे." तू मान डोलावलीस, जसं काही यात न कळण्यासारखं काही नव्हतंच. दादाला ते पटलं नाही. तो म्हणाला, लास्ट कुठे ते इंजिन ठरवतं. अण्णा म्हणाले, "बाबा रे, इंजिनला फक्त पुढचं दिसतं. आख्खी गाडी दिसते ती शेवटी बसणाऱ्याला. वळणावर बघ." वळणावर आपण दोघांनी बघितलं. दादा खिडकीतून पुढे डोकं काढून बसला होता.

आता एक गोष्ट सांगतो, जी तुला पूर्ण ठाऊक आहे असं तुला वाटतं, पण तुझ्याकडे ती अर्धीच आहे. दिवाळीचा बाजार, लहरीपुऱ्यात माणसाला माणूस घासत होतं. मी माझ्या नादात. डोक्यात "हिरवे". समोर आईची पिशवी दिसत होती, तिच्यावर नजर ठेवून मी बोटांवर मात्रा मोजत चाललो होतो आणि मोजता मोजता केव्हातरी ती पिशवी आईची राहिली नाही. तशीच पिशवी घेतलेली कुणी दुसरीच बाई होती. तिच्या मागे मागे मी एका गल्लीत शिरलो आणि तिच्या घराच्या पायरीपर्यंत गेलो. तिने वळून विचारलं, "शुं जोईए छे, दीकरा?" तेव्हा मी जागा झालो. इकडे तुझ्या पुढचा डबा नाहीसा झालेला. अण्णांनी तुला गमतीने कधीतरी सांगून ठेवलं होतं, पुढची गाडी तुटली तर गार्डाने जागा सोडायची नसते. तू जागा सोडली नाहीस. भर बाजारात दरवाज्याच्या कमानीखाली, माणसांच्या लोंढ्यात, हिरवा तुकडा वर धरून उभी राहिलीस. अण्णांनी पुढे जाऊन विचारलं, "टेल?" उत्तर नाही. त्यांनी दादाला मागे पिटाळलं. दादाने येऊन पाहिलं, तर तू उभी, आणि शेजारी खेळण्यांची हातगाडी. त्याने तुझा कान धरला. "मागे राहतेस होय, बावळट? खेळणी बघतेस?" तू रडली नाहीस, हललीही नाहीस. एवढंच म्हणालीस, "गाडी तुटलीय." दादाला वाटलं तू उलट बोलतेस. आणखी एकदा कान पिळून तो आईला सांगायला तरातरा पुढे निघून गेला. मग अण्णा आले. त्यांनी तुझ्या पुढची रिकामी जागा बघितली आणि काही न विचारता तुझ्या शेजारी उभे राहिले. मी गल्लीतून बाहेर आलो तेव्हा सगळा बाजार हलत होता, डोकी, पिशव्या, आकाशकंदील, सगळं. एकच गोष्ट जागेवर होती. ती धरून मी परत आलो.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं नाही, कारण तू आईच्या खांद्यावर झोपली होतीस. चालता चालता आई अण्णांना म्हणाली, "उद्यापासून शरदला शेवटी घाला. पोरगी केवढीशी, चेंगरली असती." अण्णा म्हणाले, "शरद शेवटी राहिला तर तो राहिलाच. गोविंदला शेवटी घातलं तर तो पुढे पळेल. तिथे माणूस लागतो." मी मान खाली घालून चाललो होतो, पण खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. तू सर्वांत धाकटी म्हणून मागे उरली होतीस, असं सगळ्यांना वाटत आलं. तुलाही वाटत आलं. तसं नव्हतं ग. अण्णांनी तुला तिथे नेमलं होतं.

हे आज का उकरून काढतो आहे ते तुझ्या लक्षात आलं असेल. आश्रमाचं सांगताना तू नेहमीपेक्षा एक वाक्य जास्त बोललीस. "जन्मभर तुमच्या मागून आले, भाऊ. आता कुणाच्या मागे नको." ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे, मी तुझ्या शेजारीच जेवायला बसलो होतो. माघातलं दादाच्या नातवाचं, हेरंबचं लग्न, दादाचा गोत्रीचा बंगला, पाहुण्यांची शेवटची पंगत. तुझ्या जागेचा विषय निघाला आणि दादा वाढप्याला हाक मारता मारता म्हणाला, "सुहासचं काय एवढं ठरवायचंय? ती येईल मागून. आमची बॅकरूम रिकामीच आहे." तुझा हात श्रीखंडाच्या वाटीवर थांबला आणि मग पुन्हा चालू लागला. ती खोली मी पाहिली आहे. गणपतीचं थर्माकोलचं मखर, एसीचं रिकामं खोकं आणि नातवाची व्यायामाची सायकल. दादाच्या मनात वाईट काही नव्हतं, हे तुलाही कळतं. त्याला खरंच वाटलं, आपण बहिणीला जागा दिली. पण ज्या "बॅक"मध्ये आपल्या आईने तुळस लावली होती, तो शब्द या माणसाच्या तोंडून येईतो त्याच्यात थर्माकोल भरलेला होता.

काल रंगपंचमीच्या निमित्ताने गोत्रीला जाऊन आलो. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दादा बंगल्याच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. सगळं जग त्याच्याकडे यावं लागतं, म्हणजे तसं नवीन काहीच नाही. मी तुझा विषय काढला. तो म्हणाला, "तिचं लहानपणापासून असंच. लहरीपुऱ्यात आठवतंय ना, खेळणी बघत उभी राहिली होती?" ही गोष्ट तो प्रत्येक लग्नात सांगतो आणि लोक हसतात. घरात बाकी सगळ्यांना खरं ठाऊक होतं, पण दादा त्या दिवशी पुढे निघून गेला होता आणि मागे काय झालं हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दादा, हरवलो मी होतो. ती माझ्यासाठी उभी होती." आणि मग अण्णांचं वाक्यही सांगितलं, त्याच्या वाट्याचं अर्धं न गाळता. तो टीव्हीकडे बघत राहिला. क्रिकेट चालू होतं. कप खाली ठेवून म्हणाला, "हं." मी म्हटलं, "उद्या सुहासला पत्र लिहिणार आहे." त्यावर तो म्हणाला, "शेवटी किती धावा लागतायत बघ बरं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." मी धावा सांगितल्या आणि घरी आलो. दादावर रागवायचं वय माझं केव्हाच उलटून गेलंय. तुझं उलटलं नसेल तर तू अवश्य रागव.

तर आता माझं पाठ असलेलं कडवं. आपल्या घराची पुढची खोली तुला माहीत आहे, रस्त्यावरच्या गॅलरीची, जिच्यात सकाळचं ऊन कडुनिंबातून गाळून येतं. मी आणि शालिनी तिथे राहिलो, पुढे मी एकटा. ती मी रिकामी केली आहे. माझा पलंग, पुस्तकं, औषधांचा डबा, सगळं स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेलं. कपाट सरकवायला विश्वंभर आला होता, घाम पुसत म्हणाला, "शरदराव, या वयात खोली बदलणारा माणूस एकतर लग्न करतो नाहीतर पळून जातो. तुम्ही कशात?" मी म्हटलं, बहीण येतेय. येतेय की नाही हे ठाऊक नसताना म्हटलं. पुढच्या खोलीला सफेदी करून घेतली, बाहेरून वेगळं कुलूप बसवलं, दोन्ही किल्ल्या या पाकिटात आहेत आणि तिसरी कुणाकडे नाही. मागची खोली मला आवडली. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, शांताबेनची गाणी येतात, दुपारी गारवा असतो, आणि पुढे कुणीतरी राहणार आहे या कल्पनेने मी तिथे फार छान झोपतो. तेव्हा मी तुला माझ्याकडे बोलावत नाही, सुहास. तुझ्या घरात मागची खोली मला राहू दे, एवढं मागतो आहे. माझं काही करायला लागणार नाही, शांताबेन आहेत, गूळ सोडला तर त्यांच्यात दोष नाही. तू शिकवण्या कर, नाहीतर गॅलरीत बसून हंसाबेनच्या नातीला गाडी मागे घ्यायला शिकव, नाहीतर काहीच करू नकोस. आश्रमवाल्यांना फोन करून सांग, पावसाळ्यापर्यंत जागा धरून ठेवा. नाही जमलं तर मी स्वतः तुला नाशिकला पोचवीन आणि एक शब्द बोलणार नाही. पण एकदा येऊन त्या खोलीचं दार आपल्या किल्लीने उघडून बघ. हे विचारायचं होतं. त्यासाठी एवढं सगळं.

तुझाच,
शरदभाऊ

ता. क. पाकिटाला लावायला डिंक शोधत होतो तोच बेल वाजली. वाटलं, हंसाबेन कोथिंबीर घेऊन आल्या असतील. दारात दादा. एकटा, गोत्रीहून रिक्षाने, घरी कुणाला न सांगता. काठी कठड्याला टेकवलेली, दोन जिने चढून आल्यामुळे धापा टाकत होता. पाणी दिलं, ते उभ्यानेच प्यायला. रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यात जाऊन बराच वेळ आत बघत राहिला, भिंतीवरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पत्र गेलं?" म्हटलं, नाही. "खाली जागा उरलीय?" म्हटलं, आहे थोडी. "मग पेन दे इकडे, आणि तू मागे जाऊन बस. मी लिहीन ते तू वाचायचं नाहीस." तेव्हा मी इथे थांबतो. याच्याखालचं जे आहे ते त्याचं, आणि ते मी वाचलेलं नाही.